जलसंजीवनीत साखर कशाला घालतात?

नीरक्षीर
आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. मागच्या आठवड्यात तिला जुलाब लागले. डॉक्टरांनी जलसंजीवनीच्या (ओआरएसच्या) पुड्या दिल्या, पण तिनं पुडीवर 'डेक्स्ट्रोज' वाचलं आणि हे आपल्याला चालायचं नाही असं ठरवून टाकलं. जेवण तर बंदच होतं. लिंबू पिळून मिठाचं पाणी, तेवढंच घेत राहिली. लघवी कमी झाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, मग दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. आता घरी आहे, हिंडतेफिरते आहे.

तिथल्या डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या, "पुडीतली साखर काढली तर ते औषधच राहत नाही." त्या घाईत होत्या, पुढं विचारता आलं नाही. इथं जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारते. साखर चवीसाठी असते की ताकदीसाठी? आणि मधुमेह असलेल्यांनी काय करायचं? आई डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळीही घेते, म्हणून जास्त काळजी वाटते.

रानवाटा
आमच्या घरीही हाच प्रश्न आहे. सासरे पुडी घेत नाहीत. वाचते आहे.

प्रयोगवही
नीरक्षीर, आई सावरल्या हे वाचून बरं वाटलं.

लिटरभर जलसंजीवनीत ग्लुकोज (पुडीवरचं डेक्स्ट्रोज ते हेच) असतं १३.५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ५४ कॅलरी. एवढ्यानं कुणाला ताकद येत नाही. ते घातलेलं असतं मिठाला आतड्यातून आत न्यायला. मीठ आत गेलं की मागोमाग पाणी जातं.

थोडं मुळापासून सांगतो. पेशीपटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, जाडी साधारण ५ नॅनोमीटर. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज आरपार जातात. सोडिअमचा आयन मात्र अडतो. त्याच्यावर विद्युतभार असतो आणि पाण्याचे रेणू त्याला सगळीकडून धरून असतात. त्यांना सोडून तेलकट थरात शिरायचं तर इतकी ऊर्जा लागते की तो आपण होऊन जवळजवळ कधीच शिरत नाही. म्हणून पटलात जागोजागी प्रथिनं रोवलेली असतात, आणि आयनांची सगळी ये-जा त्यांच्यामार्फत होते.

आतड्याच्या पेशीला दोन बाजू असतात, एक पोकळीकडची आणि दुसरी रक्ताकडची. रक्ताकडच्या बाजूला सोडिअम-पोटॅशिअम पंप असतात. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून हा पंप ३ सोडिअम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशिअम आत घेतो. हे अखंड चालू असतं, झोपेतसुद्धा. त्यामुळे पेशीच्या आत सोडिअम लिटरला १०-१५ मिलीमोलच्या आसपास राहतं, तर रक्तात ते १४० असतं. शिवाय पेशीची आतली बाजू ऋणभारित असते. म्हणजे सोडिअमला आत यायची ओढ दोन कारणांनी आहे, पण वाट नाही.

ती वाट पोकळीकडच्या बाजूला असलेलं एक प्रथिन देतं. त्याचं नाव एसजीएलटी-१. बँकेतलं लॉकर जसं एक चावी आपली आणि एक बँकेची, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही, तसं हे प्रथिन आहे. २ सोडिअम आणि १ ग्लुकोज आपापल्या जागी बसले की प्रथिनाचा आकार बदलतो, पोकळीकडचं तोंड मिटतं आणि पेशीच्या आतलं तोंड उघडतं. तिघे एकदम आत. पुढं ग्लुकोज ग्लुट-२ नावाच्या वेगळ्या प्रथिनातून रक्तात उतरतं, सोडिअमला पंप बाहेर रक्ताकडे ढकलतो, भाराचा तोल राखायला क्लोराईड येतं आणि या सगळ्यांमागे पाणी. पाणी पेशींमधून किती आणि पेशींच्या फटींतून किती जातं, यावर संशोधकांत अजून वाद आहे. ते जातं यावर नाही.

तुमच्या आईनं घेतलेल्या पाण्यात सोडिअम होतं, ग्लुकोज नव्हतं. जेवण बंद असल्यामुळे अन्नातूनही ते मिळालं नाही.

माळरान
असहमत. लहानपणापासून आम्ही जुलाबात मीठ-लिंबूपाणीच प्यायलो आणि बरे झालो. आमच्या भागात तेव्हा पुड्या मिळत नव्हत्या. साखरेशिवाय काहीच होत नाही असं म्हणणं जरा जास्त होतंय.

प्रयोगवही
माळरान, तुमचा अनुभव खरा आहे आणि वरच्या मांडणीत तो बसतोही. धडधाकट माणसाला साधे दोनचार जुलाब झाले आणि तो थोडा भात खात असला, तर ग्लुकोज त्या भातातून येतं. सोडिअम शोषायच्या आणखीही वाटा आतड्यात असतात. उदाहरणार्थ, सोडिअम आत घेऊन हायड्रोजनचा आयन बाहेर देणारी प्रथिनं. साखरेवाचून सगळं ठप्प होतं असं नाही. पण जुलाब जोराचे असतात तेव्हा नेमक्या या दुसऱ्या वाटा मंदावतात आणि एसजीएलटी-१ वर सगळी मदार येते. पटकीत (कॉलऱ्यात) तर हे फार स्पष्ट दिसतं.

पाटीपुस्तक
नववीला जीवशास्त्र शिकवते. आम्ही विसरण, परासरण आणि सक्रिय वहन शिकवतो. सक्रिय वहन म्हणजे ऊर्जा खर्चून केलेलं, असं मुलं पाठ करतात. हे एसजीएलटी कशात बसवायचं? तुम्ही लिहिलंय त्यावरून एटीपी तर पंपात खर्च होतंय, या प्रथिनात नाही.

प्रयोगवही
याला दुय्यम सक्रिय वहन म्हणतात. पंप एटीपी खर्चून सोडिअमचा उतार, म्हणजे बाहेर जास्त आणि आत कमी अशी स्थिती, तयार करतो. एसजीएलटी-१ स्वतः एटीपीला हात लावत नाही. सोडिअम त्या उतारानं खाली येतं तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेवर ग्लुकोजला चढावर ओढून घेतं. पेशीत ग्लुकोज आधीच जास्त असलं तरी आणखी आत घेता येतं ते यामुळेच. मुलांना एक गोष्ट जरूर सांगा: पंप बंद पडला तर काही वेळानं हे प्रथिनही थांबतं, कारण उतारच उरत नाही.

वेगाचा फरकही त्यांना आवडेल. पंप सेकंदाला शंभरेक फेऱ्या करतो. पोटॅशिअमच्या चांगल्या चॅनलमधून, म्हणजे पटलातल्या प्रथिनाच्या नळीतून, सेकंदाला कोटीच्या घरात आयन जातात, कारण तिथं आयनागणिक प्रथिनाला आकार बदलावा लागत नाही. तरीही तो चॅनल पोटॅशिअमपेक्षा लहान सोडिअमला जाऊ देत नाही! पोटॅशिअमनं पाण्याचे रेणू सोडले की चॅनलमधले ऑक्सिजन अणू त्याला तितक्याच जवळून धरतात. सोडिअम लहान, त्याला ते पोहोचत नाहीत. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये या चॅनलची रचना दाखवली आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना व पाण्याच्या वाटेचं प्रथिन शोधणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांना मिळालं. पंपासाठीचा मान येन्स स्कोऊ यांचा. डेन्मार्कमध्ये खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करून १९५७ मध्ये त्यांनी तो मांडला, आणि नोबेल मिळालं चाळीस वर्षांनी, १९९७ ला.

रायगडचा_डॉक्टर
पंप बंद पडला तर काय होतं ते आम्ही प्रत्यक्ष बघतो. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, आपल्याकडे कुंपणाला सर्रास असते. तिच्या बियांतलं विष नेमका हाच सोडिअम-पोटॅशिअम पंप अडवतं. हृदयाचे ठोके मंद आणि अनियमित होतात, रक्तात पोटॅशिअम वाढतं. मुलांनी बी चघळली अशी नुसती शंका आली तरी घरी काही करत न बसता दवाखाना गाठा. डिजॉक्सिन हे हृदयाचं जुनं औषध त्याच पंपावर, पण मोजून दिलेल्या मात्रेत काम करतं.

अवांतर होतंय, पण चॅनलचा विषय निघाला आहे तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम सांगायलाच हवं. कोकणातल्या लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधले सोडिअम चॅनल वेळेवर मिटू देत नाही. मज्जातंतू पेटलेले राहतात, अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यावर वापरली, आणि विंचूदंशानं माणसं मरणं पुष्कळच कमी झालं. आमच्या पिढीच्या डॉक्टरांना त्यांनी काय दिलं आहे हे शब्दांत मांडता येत नाही.

नीरक्षीर, गोळीबद्दल रात्री सविस्तर लिहितो, ते महत्त्वाचं आहे.

हुगळीकाठ
नोकरीमुळे बरीच वर्षं कोलकात्यात आहे. या शोधाचा मोठा भाग इथं आणि पलीकडे ढाक्यात घडला, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पटकीचा जंतू माणसाला मारतो कसा, हे १९५९ पर्यंत नीट कळलेलं नव्हतं. इथले शंभूनाथ डे यांनी पटकीचे जंतू वाढवलेलं द्रव गाळून जंतू काढून टाकले, आणि उरलेलं नुसतं द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वेढ्यात सोडलं. जंतू नसतानाही तो वेढा पाण्यानं टम्म फुगला. म्हणजे करणी जंतूनं सोडलेल्या विषाची. हे विष आतड्याच्या पेशीत शिरून तिथल्या एका प्रथिनाचं बटण चालू स्थितीत अडकवून ठेवतं, त्यामुळे सीएफटीआर नावाचे क्लोराईडचे चॅनल उघडेच राहतात. क्लोराईड पोकळीत, त्यामागे सोडिअम, त्यामागे पाणी. जबर आजारी माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. त्याच वेळी प्रयोगवही यांनी सांगितलेली सोडिअम-हायड्रोजनची वाटही बंद पडते. एसजीएलटी-१ ला मात्र हे विष धक्का लावत नाही. पटकीत आतड्याचं अस्तर शाबूत असतं आणि ही एक वाट चालू असते.

साखर आणि सोडिअम जोडीनं आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. तो माणूस आतड्यात साखर कशी शोषली जाते याचा अभ्यास करत होता, पटकीशी त्याचा संबंध नव्हता. त्याआधी १९५३ मध्ये कोलकात्यातच हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडानं देऊन पटकीचे रुग्ण बरे केल्याचं छापलं होतं, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ढाक्यात १९६८ मध्ये डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी ते नीट तुलना करून दाखवलं.

मग आलं १९७१. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे, बनगावच्या छावणीत पटकी, दोन खोल्यांचं रुग्णालय, रुग्ण जमिनीवर. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी निर्णय घेतला: लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम सोडा. कोलकात्यात पुड्या भरल्या, छावणीत पिंपांत पाणी कालवलं, आणि पाजायचं काम आई, भाऊ, नवरा, जो कुणी सोबत होता त्याच्यावर सोपवलं. तोवर हे उपचार प्रशिक्षित माणसांच्याच देखरेखीखाली व्हावेत असा आग्रह होता. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये ते गेले. पद्मविभूषण २०२३ मध्ये, मरणोत्तर. ही दिरंगाई मला फार लागते. जिवंतपणी शेजारच्या गल्लीतही त्यांना कुणी ओळखत नसावं.

रानवाटा
हे काहीच ठाऊक नव्हतं. धन्यवाद, हुगळीकाठ.

मुरूडची_माई
आमच्याकडे पोट बिघडलं की उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. सासूबाई म्हणायच्या, पेज निवळ हवी आणि मीठ विसरायचं नाही. यात साखर नसते. मग ती लागू कशी पडते?

प्रयोगवही
माई, तांदळातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी. आतड्यात ती हळूहळू तुटते आणि सुटं झालेलं ग्लुकोज लगेच एसजीएलटी-१ उचलतं. यात एक मोठा फायदा आहे. सुट्या ग्लुकोजचे रेणू फार झाले तर परासरणानं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. साखळी एकच रेणू असल्यामुळे पेजेत तो त्रास कमी. तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी पटकीच्या रुग्णांवर तपासली गेली आहे, तिच्यामुळे जुलाबाचं पाणी कमी होतं असं दिसलं. सासूबाईंचा मिठाचा आग्रह अगदी योग्य, अळणी पेजेला हे काम जमणार नाही.

घरच्या साखर-मिठाच्या पाण्याचंही गणित सांगतो. लिटरभर पाण्यात साखर ६ सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅमच, मग घरी साखर दुप्पट का? कारण आपली साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. फ्रुक्टोज वेगळ्या प्रथिनातून, सोडिअमला न घेताच आत जातं. कामाचं निम्मंच.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं १९८० ते १९९० या काळात घरोघर जाऊन एक मूठ गूळ आणि तीन बोटांची चिमूट मीठ असं आयांना शिकवलं. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला किती आयांना ते नीट आठवतंय यावर ठरायचा. एक कोटीहून जास्त घरं झाली. मला ही योजना क्रेनच्या शोधाइतकीच मोठी वाटते.

औषधपेठ
माझं मेडिकल आहे, म्हणून दुकानातलं सांगतो. 'ओआरएस द्या' म्हणून आलेलं गिऱ्हाईक टेट्रापॅकमधलं रंगीत पेय घेऊन जायचं. त्यातल्या बऱ्याच पेयांत साखर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाच्या कित्येक पट आणि सोडिअम कमी. लेकराला जुलाब असताना हे दिलं तर पाणी आतड्यात ओढलं जाणार, म्हणजे उलटा परिणाम. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं आदेश काढून अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली. फार आधी व्हायला हवं होतं. पुडी घेताना मागचं प्रमाण वाचा. लिटरला मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशिअम क्लोराईड १.५ आणि ट्रायसोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम. सायट्रेट पूर्वीच्या सोड्याऐवजी आलं, त्यामुळे दमट हवेत पुडी जास्त टिकते.

पाटीपुस्तक
हे प्रमाण मोलमध्ये काढून पाहिलं. सोडिअम ७५ मिलीमोल, ग्लुकोजही ७५! मुलांना उद्या हेच गणित देणार.

रायगडचा_डॉक्टर
नीरक्षीर, आता तुमच्या आईच्या गोळीबद्दल.

मूत्रपिंडातून दिवसाला साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं आणि निरोगी माणसात जवळजवळ सगळं परत घेतलं जातं. ते परत घेण्याचं बहुतेक काम एसजीएलटी-२ करतं, आतड्यातल्या प्रथिनाचं हे भावंड. ते एका ग्लुकोजमागे एकच सोडिअम घेतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या त्यालाच अडवतात. साखर लघवीवाटे जाते आणि सोबत थोडं पाणी व मीठही. या औषधांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत. त्यातला फ्लोरिझिन हा पदार्थ १८३५ मध्ये वेगळा केला गेला, पण तो आतड्यातलं आणि मूत्रपिंडातलं दोन्ही प्रथिनं अडवतो, म्हणून गोळी म्हणून निरुपयोगी. डापाग्लिफ्लोझिन आतड्यातल्या एसजीएलटी-१ ला मात्र जवळपास हात लावत नाही. तेव्हा ही गोळी घेणाऱ्यालाही जलसंजीवनी लागू पडते.

धोका दुसरीकडे आहे. जुलाबातून पाणी जातंय आणि गोळीमुळे लघवीतूनही, म्हणजे शोष दुहेरी. त्यात जेवण बंद. अशा वेळी रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही कीटोआम्लता, म्हणजे रक्तात घातक आम्ल साचणं, होऊ शकते. मळमळ, पोटदुखी, धाप लागणं, खूप गळून जाणं, आणि मीटरवर आकडा मात्र १८०-२००, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. म्हणून जुलाब-उलट्या आणि खाणं बंद असताना ही गोळी सहसा थांबवतात. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीबद्दलही तेव्हा विचारावं लागतं. इन्सुलिन मात्र परस्पर बंद करू नये. तुमच्या डॉक्टरांकडून हे आत्ताच लिहून घ्या: आजारी दिवसांत कोणती गोळी बंद, कोणती चालू. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर डापाग्लिफ्लोझिन स्वस्त झालं, खेड्यापाड्यात पोचलं, ते चांगलंच आहे. पण ही सूचना गोळीइतकी पोचलेली नाही.

आणि साखरेची भीती? पूर्ण लिटरभर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज. दोन पोळ्यांत याच्या दुपटीहून जास्त कर्बोदकं असतात. मीटरवर लक्ष ठेवून आईला बिनदिक्कत द्या.

नीरक्षीर
डॉक्टर, आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिनं पोळ्यांचा हिशेब दोनदा विचारला आणि पटलं म्हणाली. आजारी दिवसांची यादी उद्या डॉक्टरांकडून घेणार. कालवायची नेमकी पद्धत सांगाल का कुणी? आमच्याकडे आलेल्या पुड्या लहान-मोठ्या आहेत.

औषधपेठ
ताई, हे बरं विचारलंत, इथंच सगळ्यात जास्त गडबड होते. मोठी पुडी साधारण २१ ग्रॅमची, ती एक लिटर पाण्यासाठी. लहान पुडी चारसव्वाचार ग्रॅमची, ती २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी एका ग्लासात कालवली तर मीठ घातक प्रमाणात जातं. लहान पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर काहीच उपयोग नाही. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असंही करू नका, पुडीतली पावडर सारखी मिसळलेली असेलच असं नाही. पाणी उकळून गार केलेलं, वरून साखर-मीठ-सरबत काही घालायचं नाही. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलेलं टाकून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्याचमच्यानं. लहान मुलांना सोबत झिंक असतं, १० ते १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण द्यायचं.